उष्णता सोसणारा मासा पैदा करता येतो का?

केनियातल्या मागाडी सरोवरात तिलापियाच्या कुळातला एक बोटभर मासा राहतो. तिथल्या गरम झऱ्यांच्या काठचं पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि हा त्यात शेवाळ खरवडत निवांत फिरत असतो. प्रयोगशाळेत पाणी हळूहळू तापवत नेलं तर ४५ अंशांच्या थोडं पुढे गेल्यावर कुठे त्याचा तोल जातो. दुसरं टोक अंटार्क्टिकात सापडतं. तिथल्या ट्रेमाटोमस वंशाच्या माशांना ५ ते ७ अंशांचं पाणीही मारक ठरतं. दोघेही हाडांच्या सांगाड्याचे मासे, दोघांच्या पेशींची मूळ यंत्रणा एकच. तरी सहनशक्तीत जवळपास ४० अंशांचं अंतर, आणि त्यातला मोठा भाग जनुकांत लिहिलेला.

मग शेतीतल्या माशांमध्ये ही सहनशक्ती का आणू नये? समुद्र, तळी, जलाशय तापत आहेत. २०१९ मध्ये न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या पिंजऱ्यांमध्ये गरम पाणी आणि ऑक्सिजनची कमतरता यांमुळे सुमारे २६ लाख सामन मेले. रानातला मासा निदान खोल, गार पाण्यात पळू शकतो. पिंजऱ्यातल्याला ती सोय नाही. दुधाळ गाय किंवा भरघोस कणसाचा वाण निवडून काढता येतो, तसा उष्णता सोसणारा मासाही काढता यायला हवा.

येतोही. पण फार सावकाश. आणि हाती जे लागतं ते आपल्याला हवं होतं तेच असेल, याची खात्री नसते. अडचण जनुकं वाचण्यात कमी आहे. ‘उष्णता सोसणं’ म्हणजे नेमकं काय मोजायचं, यात जास्त आहे.

गरम पाण्यात माशाचं नेमकं काय बिघडतं

बहुतेक माशांच्या शरीराचं तापमान म्हणजे भोवतालच्या पाण्याचं तापमान. याचं कारण कल्ल्यांत आहे. ऑक्सिजन घेण्यासाठी रक्त आणि पाणी अतिशय पातळ पडद्याआड एकमेकांजवळून वाहतात, आणि ऑक्सिजन आत येता येता उष्णतेचीही अदलाबदल होऊन जाते. ट्यूनासारख्या मोजक्या माशांनी यावर रक्तवाहिन्यांची खास रचना करून वाट काढली आहे. शेतीतले जवळजवळ सगळे मासे मात्र पाण्याच्या मर्जीवर.

पाणी तापलं की दोन गोष्टी एकदम होतात. पहिली, पाण्यातला ऑक्सिजन घटतो. १० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो. दुसरी, माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. दर १० अंशांमागे शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. आवक घटलेली आणि खर्च वाढलेला, या कात्रीत सर्वांत आधी सापडतं ते हृदय.

इथे जनुकांचा माग पहिल्यांदा लागतो. कॅनडातल्या फ्रेझर नदीत सॉकाय सामनचे अनेक गट आहेत. प्रत्येक गट आपापल्या ठरलेल्या उपनदीत अंडी घालायला जातो. कुणाचा प्रवास छोटा, कुणाचा शेकडो किलोमीटरचा आणि चढाचा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की अवघड वाटेने जाणाऱ्या गटांची हृदयं मोठी आहेत, हृदयाच्या स्नायूला होणारा रक्तपुरवठा सरस आहे, आणि ज्या तापमानाला हे मासे सर्वांत जोमाने पोहतात ते तापमान त्यांच्या वाटेवरच्या नेहमीच्या पाण्याशी जुळतं. एकाच नदीतली एकच जात, तरी गटागटांत हा फरक. अटलांटिक सामनच्या अनेक कुटुंबांची तुलना केली तेव्हाही तसंच आढळलं. जी कुटुंबं उष्णतेत तग धरत होती तीच कमी ऑक्सिजनमध्येही टिकत होती. त्यांच्या हृदयाचा कप्पा मोठा होता आणि त्यात ऑक्सिजन धरून ठेवणारं मायोग्लोबिन जास्त होतं.

म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात, की माशाची उष्णतेची मर्यादा म्हणजे मुळात त्याची ऑक्सिजन पोहोचवण्याची मर्यादा. हे सगळ्यांना मान्य नाही, आणि वादात दम आहे. काही जातींमध्ये भरपूर ऑक्सिजन पुरवला तरी मर्यादा फारशी हलत नाही. म्हणजे आणखीही काहीतरी आधी मोडत असणार. चेतासंस्था असेल, पेशींचं आवरण असेल, किंवा प्रथिनं.

प्रथिनांचं उदाहरण फार बोलकं आहे. स्नायूंमध्ये लॅक्टेट डीहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम असतं. बराकुडा माशाच्या वेगवेगळ्या जाती थोड्या वेगळ्या तापमानाच्या समुद्रांत राहतात आणि प्रत्येकीचं हे एन्झाइम आपापल्या पाण्याला साजेसं असतं. एका जोडीत हा फरक पडायला शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीतलं केवळ एक बदलणं पुरलं आहे. प्रथिन फार ताठ असेल तर गार पाण्यात काम करत नाही, फार सैल असेल तर गरम पाण्यात आकार टिकवत नाही. उत्क्रांती या दोन्हींच्या मधला बिंदू शोधत राहते.

पण शरीरात प्रथिनं हजारो आहेत, आणि खरी मेख तिथेच आहे. एक एन्झाइम सुधारलं म्हणून अख्खा मासा काटक होत नाही. बाकीची जुन्याच तापमानाला बेतलेली राहतात. पेशींच्या आवरणातल्या स्निग्धाम्लांचीही हीच कथा. गार पाण्यात आवरण गोठू नये म्हणून त्यात असंतृप्त स्निग्धाम्लं जास्त लागतात, तर गरम पाण्यात तेच आवरण फार पातळ पडतं.

यावर पेशींकडे एक तात्पुरता इलाज असतो. १९६२ मध्ये फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने पाहिलं, की फळमाशीच्या पेशींना उष्णतेचा झटका बसला की गुणसूत्रांवर ठरावीक ठिकाणी फुगवटे येतात. तिथली जनुकं त्या क्षणी जोरात कामाला लागलेली असतात. पुढे कळलं, की ती जनुकं वेडीवाकडी झालेली प्रथिनं सावरणारी मदतनीस प्रथिनं बनवतात. त्यांना ‘हीट शॉक प्रोटीन’ म्हणतात. एचएसपी ७० आणि एचएसपी ९० ही त्यांतली जास्त चर्चेतली. बहुतेक माशांत ही सोय आहे. अंटार्क्टिकातल्या त्या ट्रेमाटोमसने मात्र गरज पडल्यावर ही प्रथिनं वाढवण्याची क्षमताच गमावलेली दिसते. कायम गोठणबिंदूजवळ राहणाऱ्या पाण्यात तिचा उपयोग नव्हता. उत्क्रांती न वापरलेली हत्यारं फार काळ सांभाळत बसत नाही.

मोजायचं कसं?

सर्वांत रूढ चाचणीचं नाव सीटीमॅक्स, म्हणजे तापमानाची निर्णायक वरची सीमा. मूळ कल्पना १९४४ सालची, वाळवंटातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवरच्या कामातली. माशांसाठी ती अशी वापरतात: मासे टाकीत ठेवायचे, पाणी मिनिटाला साधारण ०.३ अंशाने तापवायचं, आणि मासा तोल जाऊन कलंडला की त्या क्षणीचं तापमान टिपून त्याला लगेच गार पाण्यात सोडायचं. बहुतेक मासे सावरतात. त्यामुळे हाच मासा पुढे पैदाशीलाही वापरता येतो. चाचणी झटपट होते, स्वस्त आहे, आणि दर माशामागे एक नेमका आकडा देते. पैदासकाराला आणखी काय हवं?

हवं ते वेगळंच असतं. पिंजऱ्यातला मासा अर्ध्या तासात १० अंशांनी तापत नाही. तो तीन आठवडे सोसवेल त्याहून दोन अंश गरम पाण्यात काढतो. खाणं कमी करतो, वाढ थांबवतो, रोगाला बळी पडतो आणि मग मरतो. अर्ध्या तासाच्या चाचणीत चेतासंस्था कधी कोलमडते ते कळतं. तीन आठवड्यांत कसोटी लागते ती पचन, प्रतिकारशक्ती आणि हृदय यांची. दोन्हींमागची जनुकं काही प्रमाणात एकच असतील, पण पूर्णपणे तीच आहेत असं गृहीत धरायला आधार नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. पैदाशीचा नियम निष्ठुर आहे: तुम्ही जे मोजून निवडता तेच पुढच्या पिढीत उतरतं, तुमच्या मनात जे होतं ते नाही.

आनुवंशिकतेचा आकडा

समजा, चाचणी ठरली. आता प्रश्न असा, की माशामाशांत दिसणारा फरक किती प्रमाणात जनुकांमुळे आहे आणि किती खाणं, टाकी, वय, योगायोग यांमुळे? हे प्रमाण सांगणाऱ्या आकड्याला आनुवंशिकतेचा गुणांक म्हणतात. तो शून्य ते एक यांच्या मध्ये असतो. रेनबो ट्राउटमध्ये कॅनडातल्या संशोधकांनी २००५ मध्ये उष्णतासहनशक्तीसाठी तो सुमारे ०.४१ काढला. हा आकडा चांगला आहे. पशुपैदाशीत याहून कमी गुणांकावरही भरघोस प्रगती झालेली आहे.

पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. ०.४१ म्हणजे ‘माशाची ४१ टक्के सहनशक्ती जनुकांतून येते’ असं नाही. त्या कळपातल्या माशांमध्ये एकमेकांत जो फरक दिसतो, त्यातला ४१ टक्के फरक पुढच्या पिढीला देता येण्याजोग्या जनुकीय कारणांचा आहे, एवढंच. कळप बदला, पाणी बदला, आकडाही बदलेल.

याचं गणित साधं आहे. समजा, कळपाची सरासरी मर्यादा २८ अंश आहे आणि पैदाशीसाठी निवडलेल्या नर-माद्यांची २८.५. गुणांक ०.४ धरला तर पिल्लांची सरासरी २८.२ येईल. अर्ध्या अंशातला ०.२ हाती लागला. यात गुणांक चांगला असला तरी निवडायला मिळालेला फरकच मुळात अर्ध्या अंशाचा होता. माशांच्या वजनात एकाच तळ्यात दुपटीचा फरक सहज सापडतो. उष्णतेच्या मर्यादेत सगळे मासे एकमेकांना चिकटून असतात. वाढीसाठीची पैदास जोरात आणि उष्णतेसाठीची मुंगीच्या पावलांनी का चालते, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं झेब्राफिशच्या प्रयोगात सापडलं. नॉर्वेतल्या संशोधकांनी रानातून आणलेल्या झेब्राफिशच्या सहा पिढ्यांवर सीटीमॅक्ससाठी निवड केली आणि त्यासाठी हजारो मासे तपासले. निकाल २०२० मध्ये आला. वरची मर्यादा पिढीमागे सरासरी ०.०४ अंशाने वाढली. याच वेगाने एक अंश गाठायला २५ पिढ्या लागतील. उलट, मुद्दाम कमी सहनशक्तीचे मासे निवडत गेलेल्या वंशांमध्ये मर्यादा कितीतरी भराभर खाली आली. खाली जाणं सोपं, वर जाणं कठीण. यावरून वाटतं, की ही जात आपल्या छताजवळच उभी आहे आणि छत वर सरकवणाऱ्या जनुकरूपांचा तिच्याकडे तुटवडा आहे.

झेब्राफिशवरून थेट सामनबद्दल निष्कर्ष काढू नये. झेब्राफिश मुळातच उष्ण प्रदेशातला. पण सामनची एक पिढी तीन-चार वर्षांची असते. २५ पिढ्या म्हणजे पाऊणशे ते शंभर वर्षं. पाणी तेवढं थांबणार नाही.

एका जनुकाची आशा

दरवेळी कुणीतरी विचारतं: ‘ते जनुक’ सापडलं का? हा प्रश्न अगदीच भाबडा नाही, कारण एकदा तसं घडलेलं आहे. आयपीएन हा विषाणूजन्य रोग अटलांटिक सामनची पिल्लं मोठ्या संख्येने मारत असे. रोगप्रतिकारातला बहुतांश जनुकीय फरक एकाच गुणसूत्रावरच्या एका जागेतून येतो हे ध्यानात आलं. पुढे ती जागा पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या कॅधेरिन प्रथिनाच्या जनुकाशी जोडली गेली. त्या खुणेवरून अंडी निवडून विकली जाऊ लागली आणि नॉर्वेत रोगाचा उपद्रव झपाट्याने उतरला.

विषाणूला पेशीत शिरायला एक दार लागतं, ते बंद केलं की काम झालं. उष्णतेला दार लागत नाही. ती एकाच वेळी सगळ्या रेणूंवर येते. रेनबो ट्राउटमध्ये १९९० च्या दशकापासून उष्णतासहनशक्तीशी निगडित जागा शोधल्या जात आहेत आणि त्या सापडतातही. मार्जार माशांमध्येही सापडल्या. पण प्रत्येकीचा वाटा थोडा, आणि एका वाणातली जागा दुसऱ्या वाणात उपयोगी पडेलच असं नाही. थोडक्यात, हा बहुजनुकीय गुण आहे.

जनुक-संपादनाबद्दलचा उत्साहही म्हणूनच आवरता घ्यावा लागतो. जपानने २०२१ मध्ये जनुक-संपादित रेड सी ब्रीम बाजारात आणायला वाट मोकळी केली. त्यात स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं मायोस्टॅटिनचं जनुक बंद केलं आहे. एक लगाम होता, तो काढला. उष्णतेच्या बाबतीत काढावा असा एकच लगाम कुणाला सापडलेला नाही.

बहुजनुकीय गुणासाठी दुसरी वाट आहे, ती जीनोमिक निवडीची. २००१ मध्ये मेउविसेन, हेस आणि गोडार्ड यांनी तिची मांडणी केली. कोणतं जनुक काय करतं हे शोधण्याच्या फंदात न पडता, जीनोमभर, म्हणजे माशाच्या सगळ्या जनुकीय मजकुरात, पसरलेल्या हजारो खुणा एकदम वाचायच्या, तपासलेल्या माशांवरून प्रत्येक खुणेला छोटंसं वजन द्यायचं, आणि नव्या माशाच्या खुणांची बेरीज करून त्याची योग्यता वर्तवायची. रेनबो ट्राउटचा जीनोम २०१४ मध्ये आणि अटलांटिक सामनचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ही वाट रुंद झाली.

माशांच्या बाबतीत निसर्गाने पैदासकाराला एक मोठी देणगीही दिली आहे. गाय एका वेळी एक वासरू देते. सामनची मादी हजारो अंडी देते. त्यामुळे एकाच कुटुंबातली काही भावंडं कठोर चाचणीत घालायची आणि त्यांच्या कधीही न तापवलेल्या भावंडांमधून पुढचे आईबाप निवडायचे, असं करता येतं. सीटीमॅक्सऐवजी तीन आठवड्यांची खरी कसोटी लावायची असेल तर हीच पद्धत उपयोगी, कारण त्या कसोटीत मेलेल्या माशांची माहितीही वाया जात नाही. खुणांना दिलेली वजनं मात्र कायमची नसतात. पिढ्या उलटतात तसं खुणा आणि खरी जनुकं यांचं नातं विरतं, आणि मोजमाप पुन्हा करावंच लागतं.

जुने काटक वाण

प्रयोगशाळेबाहेरही काही पुरावा आहे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातल्या पेम्बर्टन इथे रेनबो ट्राउटचा एक वाण पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात खूप तापणाऱ्या तळ्यांत राहिला. प्रत्येक कडक उन्हाळ्यात अशक्त मासे गळत गेले. आज तो वाण, ट्राउटच्या मानाने बऱ्याच गरम पाण्यातही पोहण्याची ताकद राखून आहे. जपानमध्ये मियाझाकी इथेही उष्णतेसाठी ट्राउटची निवड दशकानुदशकं चालली. टास्मानियातल्या सामनचे पूर्वज १९६० च्या दशकात कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या एका नदीतून आले, आणि आज ते उन्हाळ्यात या जातीच्या सोयीच्या वर जाणाऱ्या पाण्यात वाढवले जातात.

या वाणांचं मोल दोन अंश जास्त सोसण्यापुरतं नाही. मोठ्या उद्योगातले वाण मोजक्याच पूर्वजांपासून, मुख्यतः जलद वाढीसाठी निवडलेले आहेत. ज्या जनुकरूपांची आता गरज आहे ती त्यांच्यात कदाचित आधीच गळून गेली असतील. जे कळपात नाही त्यातून निवडताही येत नाही. नॉर्वेत १९७० च्या दशकात सामनची पैदास सुरू करताना अनेक नद्यांतून मासे आणले होते, आणि १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झालेल्या सुधारित तिलापियाच्या प्रकल्पासाठी इजिप्त, घाना, केनिया, सेनेगल इथून रानटी नाईल तिलापिया आणला गेला. आधी विविधता गोळा करायची आणि मग निवड करायची, हा क्रम उष्णतेसाठी दुप्पट महत्त्वाचा ठरतो.

जनुकं तीच, मासा वेगळा

आता जरा गुंतागुंतीचं. एकच मासा १५ अंशांत वाढवला आणि मग २० अंशांत काही आठवडे ठेवला, तर त्याची सीटीमॅक्स वर सरकते. पेशींची आवरणं बदलतात, एन्झाइमांची मात्रा बदलते, हृदय जुळवून घेतं. जनुकांचा मजकूर तोच. फक्त कोणतं पान किती वेळा वाचलं जातं ते बदललं. ही लवचीकताही माशामाशांत कमी-जास्त असते आणि तिलाही जनुकीय पाया आहे. पण झेब्राफिशच्या त्याच प्रयोगात वरची मर्यादा वाढलेल्या वंशांमध्ये लवचीकता कमी झालेली दिसली. एका खिशातून काढून दुसऱ्यात घातल्यासारखं.

त्यातच वयाचा प्रश्न येतो. ६९४ जातींची माहिती एकत्र करून २०२० मध्ये केलेल्या विश्लेषणात दिसलं, की वाढत्या माशांच्या तुलनेत अंड्यातले भ्रूण आणि अंडी घालणारे मासे यांना सोसवणारा तापमानाचा पट्टा बराच अरुंद आहे. म्हणजे बोटुकलीवर, बोटभर पिल्लावर, चाचणी करून निवडलेला काटक वाण प्रजनक झाल्यावर उन्हाळ्यात अंडीच धरणार नाही, असं होऊ शकतं. शेतीत अंडी उबवण्याचं पाणी गार ठेवता येतं. तेवढी सवलत रानटी माशांना नाही.

आणि तापमान कधी कधी लिंगच बदलतं. नाईल तिलापियाची पिल्लं सुरुवातीच्या दिवसांत ३५-३६ अंशांच्या पाण्यात राहिली तर त्यांच्यात नरांचं प्रमाण वाढतं. युरोपियन सी बासमध्येही लवकरच्या वाढीतल्या गरम पाण्याने नर वाढतात. तिथे इस्ट्रोजेन बनवणाऱ्या अरोमाटेजच्या जनुकावर मिथाइलच्या रासायनिक खुणा वाढून ते दबतं, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. तिलापियात काही कुटुंबं या बदलाला फार संवेदनशील असतात, काही जवळजवळ नसतातच, आणि हा स्वभाव पिल्लांत उतरतो. तिलापियाचे नर झपाट्याने वाढतात म्हणून शेतकऱ्याला ते चालतीलही. पैदास केंद्रात मात्र पुढच्या पिढीसाठी माद्या लागतात.

एवढं ध्यानात घेतलं, की ‘उष्णता सोसणारं बीज’ असा दावा समोर आल्यावर काय विचारायचं ते उघड होतं. चाचणी झटपट होती की लांबणीची? कोणत्या वयात? चाचणीच्या वेळी पाण्यात ऑक्सिजन भरपूर होता की तळ्यात पहाटे उरतो तेवढाच? आणि निवडीसोबत वाढीचं काय झालं? बऱ्याच प्रयोगांत एकाच वयाच्या माशांमधले मोठे मासे आधी कलंडतात. तेव्हा सीटीमॅक्सवर डोळे मिटून निवड केली तर नकळत बुटका वाण हाती येण्याचा धोका असतो. म्हणून सावध पैदासकार वजन आणि उष्णता दोन्ही एकाच निर्देशांकात धरतात, आणि उष्णतेला त्यात किती वजन द्यायचं हे त्या शेतीच्या पाण्याकडे बघून ठरवतात. सरोवराच्या खोल पिंजऱ्याचं उत्तर वेगळं येईल, उथळ तळ्याचं वेगळं.